करसवलत द्या म्हणताय, पण कर भरतंय कोण? गिरगावच्या चाळीचा हिशोब

प्रश्न काय आलाय ते आधी थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्याच्या आजोबांची गिरगावात तीन मजली चाळ आहे, १९२८ ची. भाडेकरू २६, आणि मालकीत आता ११ वारस. त्यातला एक आत्तेभाऊ डब्लिनला असतो, तो म्हणतो आयर्लंडमध्ये सरकारने टॅक्स माफ केला आणि पडीक झालेलं जुनं शहर उभं राहिलं, मग मुंबईत का करत नाहीत, आपण मालक लोकांनी एकत्र येऊन तशी मागणी करावी का.

मी सीए आहे, २७ वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी तरी गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, चिराबाजार या पट्ट्यातल्या मालक, भाडेकरू आणि बिल्डरांच्या फायली चाळण्यात गेली. तर आत्तेभाऊ खोटं सांगत नाहीये. डब्लिनमध्ये तसं झालं. पण तीच सवलत उद्या जशीच्या तशी तुमच्या चाळीला दिली तर तुम्हाला किती फायदा होईल? शून्य. अतिशयोक्ती नाही, हिशोबच करू.

२६ खोल्यांचं वर्षाचं भाडं सगळं मिळून ४८,००० रुपये धरू. तुमच्या भागात हा आकडा काही फार कमी नाही, मी पावतीपुस्तकांवर महिन्याला ४२ रुपये, ६७ रुपये अशी भाडी बघितली आहेत आणि त्या पावत्या फाडायला ठेवलेल्या माणसाचा पगार भाड्यापेक्षा जास्त असतो. त्यातनं मालकाने भरलेला म्युनिसिपालिटीचा टॅक्स वजा जाता ४०,००० राहिले. आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणजे १२,००० गेले, राहिले २८,०००. याला भागा ११ ने. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच हजार रुपये वर्षाचे. आता मला सांगा, यात सरकारने माफ करण्यासारखा कर कुठेय? आणि चाळीच्या मोठ्या दुरुस्तीचा अंदाज तुम्ही घेतलाच असेल, तो १ कोटी २० लाख धरला, आणि सरकार म्हणालं की जा, सगळा खर्च उत्पन्नातून वजा करा, तर २८,००० च्या उत्पन्नातून १ कोटी २० लाख वजा करायला ४२८ वर्षं लागतील.

करसवलत त्यालाच मिळते जो कर भरतोय. आणि जुन्या मुंबईत इमारत ज्याच्या गळ्यात आहे त्याला त्या इमारतीतून करपात्र असं काही उत्पन्नच नाही. हे असं का झालं ते तुम्हाला माहितीच आहे, १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ४२ रुपयांचे ४ टक्के म्हणजे १ रुपया ६८ पैसे. त्यामुळे कित्येक मालक ती वाढ मागतही नाहीत, पोस्टाचा खर्च जास्त होतो.

मग डब्लिनमध्ये कसं जमलं? तर तिथे सवलत जुन्या मालकासाठी नव्हतीच, बाहेरून पैसा घेऊन येणाऱ्यासाठी होती. १९८६ चा अर्बन रिन्यूअल कायदा आणि त्याच वर्षीचा फायनान्स कायदा मिळून डब्लिन, कॉर्क, लिमरिक, वॉटरफर्ड, गॉलवे इथले काही पट्टे नकाशावर आखले आणि त्या रेषेच्या आत बांधलं तर बऱ्याच गोष्टी मिळायच्या. व्यापारी इमारतीच्या खर्चाची मोठी वजावट, तिथे जागा भाड्याने घेणाऱ्या धंद्याला भाड्याच्या दुप्पट रकमेची वजावट, तीसुद्धा दहा वर्षं, आणि स्थानिक कर म्हणजे रेट्समध्ये दहा वर्षं सूट. लिफी नदीच्या काठचा २७ एकरांचा कस्टम हाऊस डॉक्सचा भाग वेगळा काढून त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण केलं, १९८७ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र आणलं आणि तिथे येणाऱ्या वित्तसंस्थांच्या नफ्यावर कर फक्त १० टक्के.

पण खरी जादू होती ती सेक्शन २३ नावाच्या सवलतीत, मूळची १९८१ ची. भाड्याने द्यायला फ्लॅट घेतलात तर जमिनीची किंमत सोडून बांधकामाचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता यायचा. कुठल्या भाड्याच्या? त्याच फ्लॅटच्या नाही, देशभरात तुमचं जे काही भाड्याचं उत्पन्न असेल त्या सगळ्यातून. इथे गोम आहे बघा. म्हणजे एखाद्या डॉक्टरची तीन दुकानं भाड्याने दिलेली असतील, त्यावर तो भरपूर कर भरत असेल, तर त्याने नदीकाठी एक फ्लॅट घेतला की दुकानांच्या भाड्यावरचा कर काही वर्षं गायब. त्यामुळे फ्लॅट कसा आहे, तिथे कोण राहणार, हे त्याने बघायचं कारणच नव्हतं, तो मुळात वजावट विकत घेत होता आणि वजावटीबरोबर फ्लॅट फुकट आल्यासारखा होता.

याचा परिणाम इमारतींवर दिसला. सवलतीसाठी फ्लॅटचं क्षेत्रफळ ठराविक मर्यादेत लागायचं, बिल्डरने मग कमीत कमी जागेत जास्तीत जास्त फ्लॅट बसवले, नदीकाठी एक बेडरूमवाल्या खुराड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि नव्वदच्या दशकात डब्लिन महापालिकेला फ्लॅटचा आकार आणि उजेड याबद्दल सूचना काढाव्या लागल्या. शहर उभं राहिलं हे खरं, ओसाड प्लॉट भरले, लोक मध्यवस्तीत राहायला आले, हे काम सवलतीने केलं आणि त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. पण जुन्या इमारती वाचल्या का? फारशा नाही, कारण रिकामा प्लॉट किंवा पाडून मोकळी केलेली जागा बांधायला सोपी आणि सवलत दोन्हीकडे मिळतेय, मग जुन्या लाकडी जिन्याशी कोण झगडत बसणार.

नंतर त्यांनी चूक सुधारायचा प्रयत्न केला, १९९८ च्या कायद्यात आधी त्या भागाचा एकत्रित आराखडा करा, मग सवलत, असं आणलं. पण त्याच सुमारास हीच युक्ती वरच्या शॅनन नदीच्या खेड्यापाड्यांत नेली, लिट्रिम, लाँगफर्ड वगैरे काउंट्यांमध्ये, जिथे घरांना गिऱ्हाईकच नव्हतं, आणि २००८ नंतर तिथे अर्धवट, रिकाम्या वसाहती पडून राहिल्या. या बहुतेक योजना गुंडाळायचा निर्णय २००६ च्या बजेटमध्येच झाला होता, पण मुदतवाढी देत देत गाडी थांबेपर्यंत उशीर झाला. हे माझ्या धंद्यातलं नेहमीचंच आहे, सवलत सुरू करायला एक भाषण पुरतं पण बंद करायची म्हटली की तिच्यावर जगणारे सगळे दारात येऊन उभे राहतात.

आता यातला तुमच्या कामाचा भाग. दुकानावरच्या रिकाम्या मजल्यांवर लोकांनी राहायला यावं म्हणून आयर्लंडने २००१ मध्ये एक सवलत काढली, ती जवळजवळ कोणी घेतलीच नाही. २०१५ मध्ये पुन्हा एक आणली, लिव्हिंग सिटी नावाची, १९१५ च्या आधी बांधलेल्या घरांसाठी. सुरुवातीचा नियम असा की स्वतः राहणाऱ्याने दुरुस्ती केली तर खर्चाच्या १० टक्के दरवर्षी, दहा वर्षं, उत्पन्नातून वजा. कागदावर किती छान. अर्ज आले अगदी थोडे. कारण विचारलं तर ओळखीचंच निघतं. वर जायचा जिना दुकानातूनच जातो, फायरचे नियम जुन्या घराला झेपत नाहीत, आणि ज्याच्या खिशातून लाखो युरो आत्ता जायचेत त्याला दहा वर्षांत थोडं थोडं मिळणारं काय कामाचं. काळबादेवीत फिरून या, खाली कापडाचं दुकान, वर गोडाऊन, त्याच्यावर दोन खोल्यांत एखादी म्हातारी आणि जिना एकच, तोही गाठोड्यांनी भरलेला. तिथे करसवलत घेऊन जा आणि कोणाला देता ते सांगा.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण मला यापेक्षा जास्त विचार करून केलेलं वाटतं. तिथे गोऱ्या कंपन्या आणि पैसेवाले जोहान्सबर्गचं मध्य शहर सोडून उत्तरेकडच्या सँडटनला गेले, मागे टॉवर ओस पडले, काही गुंडांनी ताब्यात घेऊन भाडी वसूल करायला सुरुवात केली. २००३ पासून त्यांच्या आयकर कायद्यात शहरविकास क्षेत्राची वजावट आली. हद्द महापालिकेने आखायची, आणि त्यात खुबी अशी की जुनी इमारत दुरुस्त केली तर खर्च पाच वर्षांत, दरवर्षी २० टक्के, वजा करता येतो आणि नवी बांधली तर पहिल्या वर्षी २० टक्के पण उरलेला लांबच लांब हप्त्यांत. म्हणजे दुरुस्तीला झुकतं माप. पुढे स्वस्त घरांसाठी आणखी जलद वजावट दिली, दुरुस्तीचा खर्च चार वर्षांत. मुदत पहिल्यांदा २००९ ला संपायची होती, ती वाढत वाढत कुठल्या कुठे गेली, तो भाग आयर्लंडसारखाच.

पण तिथेही फायदा कंपन्यांना, कारण नफा त्यांच्याकडे. आणि इमारतीत आधीपासून राहणाऱ्या गरिबांचं काय याचं उत्तर कर कायद्यात कुठेच नव्हतं, ते कोर्टाला द्यावं लागलं. २०११ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ब्लू मूनलाइट खटल्यात सांगितलं की खासगी मालकाने बाहेर काढलेल्या आणि बेघर होणाऱ्या लोकांनाही महापालिकेने तात्पुरता निवारा दिला पाहिजे. म्हणजे काय, आपल्या भाषेत ट्रान्झिट कॅम्प. ते वाचून मी मनात म्हटलं की या एका बाबतीत आपली म्हाडा त्यांच्या कित्येक वर्षं पुढे होती, मग कॅम्पात लोक किती वर्षं राहिले ते विचारू नका.

आता मुंबई. आपल्याकडे सवलत दिलीच नाही असं तुमच्या आत्तेभावाला वाटतंय ते चूक आहे. आपण भरपूर दिली, फक्त रुपयात न देता एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं त्या परवानगीत दिली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी लावलेला सेस आला, तेव्हा मोजलेल्या १९,६४२ सेस इमारती, त्यात १६,५०२ नुसत्या ए वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. या सगळ्या सेसच्या पैशातून दुरुस्त होणार नाहीत हे सगळ्यांना लवकरच कळलं, मग १९९१ च्या विकास नियमावलीत ३३(७) हा नियम आला. जुन्या भाडेकरूंना मालकीची जागा फुकट द्या, त्याबदल्यात जास्तीचं बांधा आणि विका. २००९ मध्ये क्लस्टरसाठी, म्हणजे अनेक इमारती एकत्र करून बांधायला, ३३(९), ४ चा एफएसआय. ही करसवलतच आहे हो, फक्त सरकारच्या तिजोरीतून जात नाही म्हणून बजेटमध्ये दिसत नाही. रस्त्यावर, गटारात आणि पाण्याच्या दाबात दिसते.

एफएसआयची अडचण अशी की तो फ्लॅटचा भाव चढा असेल तिथेच चालतो आणि प्लॉट मोठा असेल तरच वापरता येतो. तुमच्या गल्लीत २०० चौरस मीटरच्या प्लॉटवर २६ जणांना बसवल्यावर वरचा एफएसआय चढवायचा कुठे, अग्निशमनची गाडी फिरायला जागा सोडायची, पार्किंग करायचं, मग बिल्डर म्हणतो शेजारच्या तीन चाळी आणा. शेजारच्या तीन चाळी म्हणजे आणखी ३० वारस आणि ८० भाडेकरू. भेंडीबाजारचा प्रकल्प बघा, साडेसोळा एकर, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं, आणि पाठीशी एक ट्रस्ट ज्याला नफा कमवायचा नव्हता, तरीही इतकी वर्षं. त्याच क्लस्टरच्या हद्दीतली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी कोसळली आणि ३३ माणसं गेली.

असो. मला जे खरं सांगायचंय ते आता. सवलत मागण्याआधी एवढं तरी बघा की आज आपण दुरुस्ती करणाऱ्याकडून उलटा कर घेतोय. मी मघाशी ३० टक्के सरसकट वजावट म्हटलं ना, ती तुम्ही चाळीला एक खिळा ठोकला नाहीत तरी मिळते आणि दहा लाख खर्च केलेत तरी तेवढीच. १९६१ च्या कायद्यातलं कलम २४, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदलले तरी हे गणित तेच. म्हणजे कायदा मालकाला सांगतो की दुरुस्ती करू नकोस, ३० टक्के तुझेच.

मग तुम्ही शहाणपणा न ऐकता दुरुस्ती काढलीत. रजिस्टर्ड कंत्राटदार १८ टक्के जीएसटी लावणार. १ कोटी २० लाखांवर २१ लाख ६० हजार. या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला नाही, कारण राहण्यासाठी दिलेल्या खोल्यांच्या भाड्यावर जीएसटी नाही. म्हणजे ज्या सरकारकडे तुम्ही सवलत मागायला निघालात त्यानेच पहिले साडेएकवीस लाख उचलले. आणि गंमत अजून संपली नाही, सेसच्या बिलावर बघा, इमारतीची मोठी दुरुस्ती झाली की सेसचा दर वाढतो. दुरुस्त केलीत म्हणून.

माझ्याकडे २०१४ साली एक चाळ आली होती, फणसवाडीच्या बाजूला. मालक कोणी परदेशात, कोणी वारलेले, भाडेकरूंनीच वर्गणी काढली. मी हिशोब बघायला गेलो तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला सागाच्या तुळईखाली टेकू लावलेले, त्या टेकूंना बायकांनी दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते, आणि एका आजोबांनी मला वहीत लिहून ठेवलेला खर्च दाखवला, मोरी, कोबा, पत्रे, गर्डर, सगळं तारखेनिशी. माणशी दोन-सव्वादोन लाख. त्यांच्या मुलाने विचारलं, यातलं काही रिटर्नमध्ये दाखवता येईल का. मी नाही म्हणालो. ते मालक नाहीत म्हणून घरमालकाची वजावट नाही, घर नावावर नाही म्हणून बँकेचं दुरुस्तीचं कर्जही नाही, आणि मालक असते तरी स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावर व्याजाची वजावट वर्षाला ३०,००० पर्यंतच, तीही जुनी करपद्धत घेतली तर. नवं घर घ्यायला मात्र २ लाखांपर्यंत. आजोबांनी वही मिटली आणि चहा सांगितला.

गिरगावात खरी दुरुस्ती कोण करतं तर भाडेकरू, आणि कर कायद्याच्या पानावर तो माणूसच नाही. मालक आहे, बिल्डर आहे, गुंतवणूकदार आहे. पागडीवाल्याची, म्हणजे पागडी देऊन भाडेहक्क घेतलेल्या या जुन्या भाडेकरूची, आठवण कायद्याला कधी येते? तो हक्क सोडतो तेव्हा. तेव्हा मात्र भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता आणि पागडी न देता वडिलांपासून चालत आलेली असेल तर तिची खरेदी किंमत साधारण शून्य. नशिबाने बदल्यात घर मिळत असेल तर १९६१ च्या कायद्यातल्या ५४एफ खाली, म्हणजे पैसा घरात गेला तर भांडवली नफ्यावरचा कर सोडणाऱ्या कलमाखाली, सुटका होते, पण त्यासाठी कागद नीट लागतात आणि चाळीतले कागद कसे असतात ते तुम्हाला मी काय सांगू.

भाडेकरूंना नव्या इमारतीची भीती का वाटते, टॅक्सची? तर तीही तेवढी नाही. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे. त्यांना भीती आहे मेंटेनन्सची, लिफ्ट, पंप, वॉचमन. आणि त्याहून मोठी म्हणजे मधल्या काळातल्या भाड्याची. मी ज्यांचे हिशोब बघतो त्यातल्या एका चाळीत बिल्डरने अठरा महिने भाडं दिलं आणि बंद केलं, इमारत पाडून झालेली, खड्डा पावसात भरलेला, आणि लोक डोंबिवली-विरारला पांगलेले. यात करसवलत काय करणार? हां, एक करता येईल, सवलतीचा पैसा काम सुरू होताना न देता ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, हातात आल्यावर द्यायचा. आयर्लंडने खर्च झाला की दिला, आपण तर एफएसआय कागदावरच देऊन टाकतो आणि मग त्या कागदावर बिल्डर कर्ज उचलतो.

अमेरिकेचं एक राहिलं. तिथे ऐतिहासिक इमारत दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के केंद्राकडून थेट करातून वजा होतात, उत्पन्नातून नाही, हा फरक मोठा आहे. आणि मिझुरीसारख्या राज्यात त्यावर आणखी २५ टक्के राज्याचं क्रेडिट, जे विकता येतं. म्हणजे तुमच्यासारखा, ज्याला स्वतःला कर नाही, तो ते क्रेडिट कर भरणाऱ्या कंपनीला विकून रोख घेऊ शकतो. सेंट लुईसची जुनी गोदामं या पैशावर राहती झाली. तुमच्या अडचणीवर खरं औषध हेच आहे, आणि आपल्याकडे त्याचा भाऊ आधीच आहे, टीडीआर, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क. फक्त आपला टीडीआर जमीन सोडली किंवा झोपडपट्टी योजना केली तर मिळतो, हेरिटेज यादीत असाल तर थोडाफार, पण साधी चाळ नीट दुरुस्त करून पुढची तीस वर्षं राहती ठेवली तर काही नाही. उलट फिलाडेल्फियासारखी सरसकट दहा वर्षं मालमत्ता करमाफी मागू नका. तिथे २००० पासून सगळ्या नव्या बांधकामांना ती दिली, महागडे फ्लॅट उठले, आणि तिथल्या मालमत्ता कराचा निम्म्याहून जास्त भाग शाळांना जातो, त्यामुळे भांडण थेट शाळांशी लागलं. शेवटी २०२२ पासून नव्या घरांसाठी ती कापली. आपल्याकडे पुण्याची ४० टक्के सूट घ्या, १९७० पासूनची, स्वतः राहणाऱ्याला. मध्ये काढली, ओरड झाली, २०२३ ला परत आणली. लोकांना हवी असेल तर असू दे, पण तिने शनिवार-कसब्यातला एक वाडा वाचलाय का? कोथरूडच्या नव्या फ्लॅटलाही तीच आणि पडक्या वाड्यालाही तीच.

तर मागणीच करायची असेल तर माझ्या मते ही करा. सेस इमारतीच्या प्रमाणित दुरुस्तीवर जीएसटी शून्य, किंवा भरलेला परत, आणि तो ज्याने खर्च केला त्याला, मालक असो की भाडेकरू. दुरुस्तीनंतर सेस वाढवायचा नाही. ३० टक्के सरसकट ऐवजी प्रत्यक्ष खर्च दाखवायचा पर्याय, पण हे तुम्हाला नाही उपयोगी, ज्यांची भाडी बरी आहेत त्या दुकानवाल्या इमारतींना उपयोगी. आणि दुरुस्तीचा टीडीआर, काम पूर्ण झाल्याचा दाखला आल्यावर, भाडेकरू जागेवरच असतील तरच. यातलं जीएसटीचं काम राज्याच्या एकट्याच्या हातात नाही, कौन्सिलमध्ये जावं लागेल, म्हणजे लवकर होईल अशी आशा धरू नका. सेसचं मात्र विधानसभेतच होऊ शकतं.

छोट्या अडचणी कोर्टाने काढल्यात काही. पुनर्विकासात जुन्या सभासदाला मिळणाऱ्या घराच्या करारावर वेगळी मोठी स्टॅम्प ड्युटी मागत होते, फेब्रुवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने ते थांबवलं. बांधकाम चालू असलेल्या जमिनीवर तिच्या भावी बांधकामक्षमतेचा हिशोब धरून मालमत्ता कर लावायचे नियम होते, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकले नाहीत. आणि तुमच्या आजोबांच्या पिढीला ज्याच्यामुळे झोप लागत नव्हती ते म्हाडा कायद्याचं ८-अ प्रकरण, महिन्याच्या भाड्याच्या १०० पट देऊन भाडेकरूंच्या सोसायटीसाठी इमारत घ्यायचं, त्यावरून निघालेला घटनेचा प्रश्न ९ न्यायमूर्तींपुढे जाऊन ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला, सगळी खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची साधनसंपत्ती नव्हे असा. तुमच्या चाळीला लावून बघा, महिन्याचं भाडं ४,००० च्या १०० पट, ४ लाख रुपये, ११ जणांत. एवढीच किंमत कायद्याने धरली होती.

आता तुमचं स्वतःचं. बिल्डरशी बोलणी चालू असतील तर करार नोंदणीकृत करा आणि मालक व्यक्ती किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) म्हणूनच राहा, मध्येच कोणाच्या सांगण्यावरून फर्म किंवा एलएलपी काढू नका, कारण १९६१ च्या कायद्यातल्या ४५(५अ) ची सोय, म्हणजे भांडवली नफ्यावरचा कर करार केला त्या वर्षी न लागता पूर्णत्वाचा दाखला येईल त्या वर्षी लागणं, ही फक्त व्यक्ती आणि एचयूएफला आहे. फ्लॅट पूर्ण व्हायच्या आधी हिस्सा विकलात तर ती सोय जाते. रोख रकमेवर बिल्डर १० टक्के टीडीएस कापेल, पण ते इथे राहणाऱ्यांसाठी. आत्तेभाऊ अनिवासी, आत्या वारल्या असतील तर त्यांचा हिस्सा त्याच्याकडे आलाय, त्याचा टीडीएस वेगळ्या कलमाखाली आणि जास्त कापला जाईल, त्याने आधीच कमी दराचा दाखला काढून ठेवलेला बरा. त्याची पॉवर ऑफ अॅटर्नी डब्लिनच्या भारतीय दूतावासातून करून घ्या आणि ती मुंबईत पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प करून घ्या, माझ्याकडे एक फाईल याच कारणासाठी दीड वर्ष अडकली होती. आणि त्याला म्हणावं, दूतावासात जायचंच आहे तर नदीकाठाने चालत जा आणि जुन्या दुकानांच्या वरच्या मजल्यांकडे मान वर करून बघ, किती खिडक्यांत दिवे लागलेत.